विहिरीच्या तळाशी लाल रंग

प्रश्न असा होता: पाण्यातून खाली जाताना उजेड मंद होत जातो हे सर्वांना ठाऊक आहे, पण मंद होताना त्यातले सगळे रंग सारखेच मंद होतात का? होत नसतील, तर आधी कोणता रंग नाहीसा होतो?

हा प्रश्न माझा नव्हे. उदगीरच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवताना मी दरवर्षी सांगत असे की लाल प्रकाश सर्वांत दूरवर पोचतो, म्हणूनच धोक्याचा दिवा लाल असतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, पाण्यातपण?" तास संपायला चार मिनिटे उरली होती. मी म्हणाले, "हो, पाण्यातपण," आणि फळा पुसला. ते उत्तर मी कधी तपासले नव्हते. निवृत्तीनंतर कपाट आवरताना तासांची टिपणे असलेली जुनी टाचणवही सापडली आणि ते उत्तर टोचू लागले.

त्याच सुमारास बसवराजचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी बीदरच्या कडेला कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाची व्यवस्था पाहतो. त्याचे गाव हुमनाबादकडचे निर्णा. वेळ अमावस्येला शेतात जेवायला या, असा त्याचा आग्रह. मी ताबडतोब होकार दिला आणि सोबत काय न्यायचे याची यादी केली: पांढरी इनॅमलची थाळी एक, डब्यांची सारख्या मापाची झाकणे तीन, घरीच रंगवलेली, लाल, हिरवे, निळे, दर फुटाला गाठ मारलेली नायलॉनची दोरी, वजनासाठी दगड, विजेरी, वही. माझ्या सुनेने ती यादी वाचली आणि कपडे नेणार आहात ना, एवढेच विचारले.

पहिला दिवस : बीदर

बीदरला पाऊल ठेवताच जमिनीचा रंग बदलतो. आमच्याकडे काळी माती आणि काळा दगड. इथे किल्ल्याची तटबंदी, विहिरींचे काठ, शेतांचे बांध, सारे विटकरी लाल. हा जांभा दगड. त्याला सुईच्या टोकापासून बोटापर्यंतच्या आकाराची भोके असतात आणि पाणी त्यातून झिरपत राहते.

सकाळी न्याहारीला सुसला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी दिली की आमच्याकडे त्याला सुशीला म्हणतात. इथे तिचा सुसला होतो आणि शेजारी हातभर लांबीचे मिरचीचे भजे येते. मी ते भजे सौम्य समजून अर्धे तोंडात घातले. पुढची दहा मिनिटे बसवराज माझ्याकडे पाहत नव्हता, हा त्याचा मोठेपणा.

मग आम्ही नौबादकडे गेलो. तिथे जमिनीखालून पाणी नेणारा जुना बोगदा आहे आणि त्यावर ठरावीक अंतराने उभी विवरे खणलेली आहेत. विवरात डोकावले तर वरचा हात-दोन हात दगड लाल, मग तपकिरी, मग नुसता अंधार. इथे उजेड मंद होतो तो मुख्यत्वे तोंड अरुंद असल्यामुळे, भिंती त्याला पिऊन टाकतात म्हणून. मधल्या हवेचा दोष फार थोडा. म्हणून माझ्या प्रश्नाला ही जागा उपयोगाची नव्हती, तसे मी वहीत लिहिले.

उपयोगाची जागा जवळच्या मळ्यात सापडली. रुंद तोंडाची, पायऱ्यांची विहीर आणि हिरवट पाणी. मी शेवटच्या पायरीवर बसून एकेक झाकण सोडू लागले. पांढरी थाळी अकरा फुटांवर दिसेनाशी झाली. हिरवे झाकण आठ फुटांपर्यंत टिकले. निळे सहा फुटांवर गेले. आणि लाल? लाल पाच फुटांवर तपकिरी झाले आणि सातव्या फुटाला नाहीसे.

मी ते वर ओढले. लालभडक होते. पुन्हा सोडले, पुन्हा तेच.

आता खरे सांगायचे तर मला माझ्या मापावर विश्वास ठेवायचा नव्हता. रंग हलक्या प्रतीचा असावा, असे मी वहीत लिहिले. पुढे, खालून उजेड पाडून पाहू म्हणून विजेरी लोणच्याच्या बरणीत घातली, झाकण घट्ट आवळले आणि दगड बांधून बरणी सोडली. बरणी काचेची होती, झाकण मात्र घट्ट बसले नव्हते. तीन फुटांवर बुडबुडे आले आणि विजेरीने तिथेच प्राण सोडला. मळेवाल्याने विचारले की बाई, लोणचे थंड करायला लावलेय का. मी हो म्हणाले; समजावून सांगण्याइतका धीर उरला नव्हता.

संध्याकाळी कोळारच्या रस्त्यावर उभी राहिले. मालमोटारी धूळ उडवत जात होत्या. ती बारीक, पिठासारखी धूळ होती आणि तिच्यातून लांबवर गाड्यांचे मागचे लाल दिवे स्पष्ट दिसत होते. पुढचे पांढरे दिवे मात्र पिवळट, मळकट. पाहा, माझेच बरोबर, असे मनाशी म्हणून मी समाधानाने झोपले.

दुसरा दिवस : कलबुर्गी आणि शहाबाद

बीदरहून कलबुर्गीला रेल्वे जाते. उतरून बसने शहाबादकडे निघाले. ज्या फरशीवर उभी राहून मी अर्धे आयुष्य पोळ्या लाटल्या, तिचे माहेर हे. खाणींत दगड थराथराने निघतो, वहीची पाने सुटावीत तसा. काम थांबलेल्या जुन्या खाणींत पाणी साठले आहे, आणि ते पाणी इतके नितळ की खालच्या थरांच्या पायऱ्या दिसतात.

बसवराजने त्याच्या ओळखीच्या मल्लप्पांना सांगून ठेवले होते. हे साठीचे गृहस्थ, खाणीत दगड फोडण्यात हयात गेलेली, बोलणे कन्नड आणि मराठीच्या मधोमध. त्यांनी आधी जेवायला बसवले. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. भाकरी पापडासारखी पातळ आणि कडक होती. आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली नाही तर जेवणारा रुसतो. इथे ती वाळवून चळत रचून ठेवतात आणि महिनाभर खातात. मी ती मोडताना झालेला आवाज ऐकून मल्लप्पांच्या पत्नी हसल्या आणि आमटीत बुडवा, असे खुणेने सांगितले.

खाणीत पांढरी थाळी तेवीस फुटांपर्यंत दिसली. मग लाल झाकण. मी दोरी सोडत होते आणि मल्लप्पा शेजारी उकिडवे बसून पाहत होते. आठ फुटांवर मी लिहिले: तपकिरी. बारा फुटांवर मी काही लिहायच्या आत ते म्हणाले, "अक्का, हे लाल न्हाई. काळा हाय."

झाकण दिसत होते. आकार स्पष्ट होता, कड स्पष्ट होती. फक्त लाल रंग कुठेच नव्हता. निळे आणि हिरवे त्याच खोलीवर आपापल्या रंगात होते. म्हणजे माझ्या रंगाच्या डब्याचा दोष नव्हता. दोष तीस वर्षांच्या टाचणवहीचा होता.

खाणीच्या काठावर बसून मी ते नीट मांडले, ते इथे थोडक्यात देते. उजेड पाण्यातून जातो तेव्हा प्रत्येक फूट पाणी त्याचा ठरावीक हिस्सा खाते. ठरावीक आकडा नव्हे, ठरावीक हिस्सा. हा फरक महत्त्वाचा. लग्नाच्या पंगतीत चिवड्याची परात फिरते आणि प्रत्येक ओळ परातीत उरलेल्याचा चौथा भाग काढून घेते, असे समजा. पहिल्या ओळीला भरपूर मिळते, दुसरीला त्याहून कमी, दहावीला चिमूटभर. परात मात्र पुरती रिकामी कधीच होत नाही. उजेडाचेही तसेच. आणि पाण्याची खोड अशी की त्याला लाल अधिक आवडतो. दर फुटाला ते निळ्याहिरव्यापेक्षा लालाचा मोठा हिस्सा गिळतो. मळ्यातल्या विहिरीत शेवाळ होते, त्याने निळाही खाल्ला, म्हणून तिथे हिरवा टिकला. शिवाय वरून पाहणाऱ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाला हा हिस्सा दोनदा द्यावा लागतो, एकदा खाली जाताना आणि एकदा झाकणावरून परत येताना.

मग धुळीतले लाल दिवे? तेही खरेच. बारीक धूळ आणि धूर निळ्याला वाटेतून बाजूला ढकलतात आणि लाल सरळ निघून जातो. तिथे ढकलाढकली, इथे गिळणे. माध्यम बदलले की नियमाचा अंमल बदलतो, आणि मी एकाचे उत्तर दुसऱ्याला लावून फळा पुसला होता.

मल्लप्पांना एवढेच सांगितले की मी मुलांना चुकीचे शिकवत होते. ते म्हणाले, मग आता काय, सगळ्यांना परत बोलावणार? त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांना ते खरोखरच शक्य वाटत होते.

तिसरा दिवस : निर्णा

वेळ अमावस्या ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात शेतातच साजरी होते. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची छोटी खोप घालतात, तिला इथे कोप म्हणतात. कोपीत पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजतात. ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील, हिरव्या शेंगांचे दाणे आणि भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, उंडे म्हणजे बाजरीचे उकडलेले गोळे, खीर असा बेत असतो आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात.

बहुतेक घरे शेतातलेच कोणतेही पाच दगड घेतात. बसवराजच्या घरी मात्र पिढ्यांचे पाच गोटे आहेत. वर्षभर ते लाल फडक्यात बांधून देवघरात असतात. आदल्या दिवशी धाकट्या सुनेने ते गाठोडे दोरीला बांधून शेतातल्या विहिरीत तीनदा बुडवायचे, हे देवांचे स्नान. आणि दुसऱ्या दिवशी आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन शेतात जाण्याचा मानही तिचाच.

मी पोचले तेव्हा बसवराजच्या आईंनी, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात, माझी ओटी भरली आणि लाल खण दिला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज बारीक आणि धारदार. नमस्कार म्हणून मी इकडच्या रीतीने 'शरणु' म्हटले तेव्हा त्या खुश झाल्या. माझा उच्चार मात्र त्यांनी दोनदा दुरुस्त केला.

चारच्या सुमारास धाकटी सून शोभा शेतातून परत आली. हातात नुसती दोरी होती. तिसऱ्या बुडीला गाठ सुटली आणि गाठोडे खाली गेले, असे तिने सांगितले.

दगड बुडाले यापेक्षा मोठी अडचण दुसरीच होती. वाटणीत ओढ्यापलीकडचे शेत बसवराजच्या धाकट्या भावाकडे, शोभाच्या नवऱ्याकडे, गेले होते आणि यंदा आपल्या शेतात आपली वेगळी कोप घालावी, असे शोभा महिनाभरापूर्वी बोलली होती. अव्वांनी ते मोडून काढले होते. पांडव एक, तर कोप एक. आता पांडवच नाहीत म्हटल्यावर मोठ्या सुनेने, महानंदाने, चुलीपुढून न वळता म्हटले, "देव हिरीत गेले म्हणं. का वढ्यापल्याड गेले, कुणाला म्हाईत."

बसवराजने लगेच हळ्ळीखेडहून खाजाभाईंना बोलावले. हे विहिरीतल्या मोटारी काढण्या-बसवण्याचे काम करतात, आणि कुणाच्या विहिरीत काही पडले की बुडी मारून काढून देतात. पन्नाशीचे, सडपातळ, बोलताना दखनी आणि मराठी यांचा एकच गोफ. मी कुतूहलाने त्यांची रीत विचारली. ते म्हणाले की तळाशी डोळ्यांना सगळे धुरकट दिसते, आकार कळत नाही, हातांनी चाचपायला दम पुरत नाही. म्हणून कुणीही बोलावले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कलर कोणता?

"लाल," शोभा म्हणाली.

विहिरीत चार परस पाणी होते, म्हणजे उभ्या माणसाची उंची चार वेळा. खाजाभाई दोनदा खाली गेले. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. शोभाकडे न पाहता ते बसवराजला म्हणाले, "अण्णा, खाली लाल म्हणून कायबी न्हाई. काळे पत्थर हैत नुस्ते. असतं तर दिसलं असतं."

घरी कुणी भांडले नाही. शोभा आंबील घुसळायला बसली, तेव्हा अव्वा उठल्या, तिच्या हातातली रवी काढून घेतली आणि महानंदाच्या हातात दिली. बस, एवढेच. शोभाचा नवरा शिवराज दारात उभा होता. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

मला हे सारे कळायला हवे होते तेव्हा कळले नाही. प्रवासाने डोके जड झाले होते. पहाटे अंथरुणात जाग आली आणि 'असतं तर दिसलं असतं' हे वाक्य कानात राहिले होते. परवाच मी बारा फुटांवर लाल झाकण काळे झालेले पाहिले होते, आणि ही विहीर त्याच्या दुप्पट खोल. मी उठून बसले.

शोभा अंगणात सडा घालत होती. गाठोडे खरेच विहिरीत पडले का, असे तिला विचारले तेव्हा तिने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, मला कोप येगळी पायजे व्हती, ते खरंच हाय. पर ते मी तोंडानं मागितलंय. चोरी कामून करू?"

चौथा दिवस : वेळ अमावस्या

आंबिलीचे मडके महानंदाच्या डोक्यावर शेतात गेले. शोभा रिकाम्या हातांनी मागून चालत होती. पूजा दुपारी, आणि अव्वांनी सांगून टाकले होते की पांडव नसतील तर यंदा कोप रिकामीच पुजायची. दुसरे दगड मांडायचे नाहीत. म्हणजे मग गाव येऊन विचारणार, आणि उत्तर म्हणून शोभाकडे बोट जाणार.

मी अव्वांकडे एक तास मागितला आणि खाजाभाईंना पुन्हा बोलवायला सांगितले. खाजाभाई आले, पण नाखुशीने. आपल्या शब्दावर शंका घेतली जाते आहे असे त्यांना वाटत होते. मी म्हणाले, शंका तुमच्या डोळ्यांवर नाही, पाण्यावर आहे. उन्हे चढेपर्यंत थांबलो. साडेअकराला माझ्या थाळीने पाणी तपासले; चौदा फुटांपर्यंत पांढरे दिसत होते.

मग मी पिशवीतून ओटीचा लाल खण काढला. अव्वांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"वटीचा खण हिरीत?"

"अव्वा, तुमच्या देवांसाठीच."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी दोरीच्या टोकाला दगड बांधला, त्याच्या वर खण आणि त्याच्याशेजारी पांढरा रुमाल. काय बांधले हे खाजाभाईंना दिसू दिले नाही. ते पायऱ्यांच्या पलीकडे अंग चोळत होते. दोरी तळाला टेकली आणि मी त्यांना एवढेच सांगितले की खाली दोन कपडे आहेत, त्यांचे रंग पाहून या.

ते गेले. आम्ही कठड्यावर वाकलो. बऱ्याच वेळाने वर आले, दोरी धरून दम घेतला, आणि म्हणाले, "टीचरम्मा, येक सफेद हाय, जरा हिरवट दिसतंय. दुसरा काळा कपडा कामून बांधलाय?"

मी बसवराजला दोरी हळूहळू ओढायला सांगितली. पाण्यात प्रथम रुमाल दिसू लागला. मग त्याच्याशेजारी एक काळा ठिपका. बसवराज हात-हात दोरी घेत होता आणि तो ठिपका काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा कातासारखा, आणि शेवटच्या पाच-सहा फुटांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, लाल होत होत वर आला. अव्वांनी पुढे होऊन खण हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"रंग उतरला न्हाई," त्या म्हणाल्या.

"रंग खणातच होता," मी म्हणाले. "खाली लाल उजेडच पोचत नाही. खणाने परत काय पाठवायचे?"

खाजाभाई पायरीवर बसले होते. ते खणाकडे पाहत राहिले, मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे काल मी काळं सोडून लाल हुडकीत व्हतो."

ते पुन्हा उतरले. या वेळी काळे पाहायला. पहिल्या बुडीत एक दगड वर आला, नुसताच दगड. दुसऱ्या बुडीत जुना टायर. त्यावर महानंदासुद्धा हसली. तिसऱ्या बुडीला त्यांनी खालून दोरीला दोन झटके दिले. बसवराजने ओढायला सुरुवात केली तेव्हा शोभा कठड्यापासून लांब, बांधावर उभी होती. ती पुढे आली नाही. काळे गाठोडे वर सरकू लागले आणि तपकिरी झाले तेव्हा शिवराजने मागे वळून तिला फक्त हात केला.

गाठोडे काठावर ठेवले. अव्वांनी गाठ सोडली आणि गोटे मोठ्याने मोजले. पाच. मग त्या उठल्या, बांधापर्यंत चालत गेल्या आणि शोभाचा हात धरून तिला कोपीपुढे आणले. आंबिलीच्या मडक्यावरचे झाकण काढून पळी तिच्या हातात दिली. आंबील शेतात शिंपडायची असते, पिकाच्या कडेने फेरी घालत.

शोभाने पळी घेतली, पण पाऊल उचलले नाही.

"अव्वा, येक बोलू? देव सापडले म्हणून माझं मागणं ऱ्हायलं न्हाई. मला माझ्या रानात कोप पायजेच."

मला वाटले, आता पुन्हा सुरू होणार. महानंदाही चपापली. अव्वांनी आधी पाचही गोट्यांना चुन्याचे बोट लावून घेतले.

"पांडव दोन व्हत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"दोन नगंत. सकाळी हिथं बसवा, दुपारी मी घेऊन जाते."

"वढा वलांडून?"

"इतके दिस चालत वनवासात फिरले की, अव्वा," बसवराज मध्येच म्हणाला. "वढा काय मोठा हाय त्यास्नी."

अव्वांनी त्याच्याकडे रागाने पाहिले, पण ओठ आवळून धरलेले हसू लपले नाही. "पुढल्या साली घाल," त्या शोभाला म्हणाल्या. "आन गाठ मी बांधीन. तुला गाठ येत न्हाई."

शोभा आंबील शिंपडत ज्वारीत गेली. महानंदाने तिच्या मागून जाऊन मडके धरले. पुरी फेरी होईपर्यंत मडके तिच्याच कमरेवर होते. आम्ही पंगतीला बसलो. भज्जी मी तीनदा घेतली. खाजाभाई माझ्यासमोर बसले होते आणि जेवताना मधूनच थांबत होते. विचारले तेव्हा म्हणाले की चार-पाच वर्षांत दोन ठिकाणी त्यांनी 'न्हाई' म्हणून सांगितले होते. एक लाल पेटी होती. एक लाल मुठीचा पाना, आणि त्या पान्यावरून एका गड्याचे काम गेले होते.

"त्या हिरींत परत जावं लागतंय, टीचरम्मा," ते म्हणाले, आणि उंडा हातात तसाच धरून त्यांनी मला पुन्हा विचारले की पिवळा रंग किती खोल टिकतो. मला ठाऊक नव्हते. पिवळे झाकण मी रंगवलेच नव्हते. तसे मी त्यांना सांगितले.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. सारख्या मापाची दोन फडकी घ्या, एक पांढरे आणि एक लाल. दोरीला दर फुटाला गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि भर दुपारी जवळच्या खोल, नितळ विहिरीत सोडा. कठडा धड असलेली विहीर निवडा आणि एकटे जाऊ नका. लाल कितव्या गाठीला तपकिरी होते, कितव्या गाठीला काळे, ते लिहून ठेवा. पिवळेही सोडून पाहा. पाणी निराळे असेल तर आकडे निराळे येतील, कदाचित क्रमही. मी लिहिले आहे म्हणून ते खरे धरू नका. स्वतः पाहा.